घाटवालीचा आवाज

बेल्ह्यात सुमनताईच्या दुकानात कुणी लग्नपत्रिका छापायला गेलं की पहिला प्रश्न कागदाचा नसायचा, रंगाचाही नसायचा. "घरात सगळ्यात म्हातारी बाई कोण हाय?" हा असायचा. आजी आहे म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "तिला घिऊन या. तवर मशीन चालू व्हणार न्हाई."

नवखं गिऱ्हाईक गडबडून जायचं. म्हातारीला वाचता येत नाही, तिला कशाला आणायचं? सुमनताई म्हणायची, "म्हणूनच आणायचं. शिकलेला माणूस वाचताना उड्या मारतो, पावणं. आपलं नाव दिसलं की बाकीचं सोडून देतो. म्हातारीला अक्षर येत न्हाई, ती समदं ऐकती. कोण राहिलं त्ये तिलाच कळतं." मग आजी यायची, पंख्याखालच्या खुर्चीत पदर सावरून बसायची, आणि सुमनताई वरच्या गणपतीपासून खालच्या किलबिलीपर्यंत सगळी पत्रिका खणखणीत आवाजात वाचून दाखवायची. आजी "बरोबर" म्हणाली की कागद मशीनवर चढायचा. एखादीनं मध्येच "आन माझा खेडचा भाऊ?" असं विचारलं की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. आमच्याकडे पत्रिकेत एक मामा राहिला तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. मी वाढवून सांगत नाही. माझ्या सख्ख्या मावशीकडे आम्ही सात वर्षं जात नव्हतो, ते याच कारणानं.

मी येडगावची. बेल्ह्यात माझं आजोळ. बारावीच्या सुट्टीत मराठी टायपिंग शिकायला म्हणून मामानं मला तिच्याकडे नेऊन बसवलं. निघताना मामी कानाशी लागली, "जपून गं बाई. ती तशी हाय." तशी म्हणजे कशी, ते कळायला मला दोन दिवस लागले आणि कळल्यावर विसरायला आणखी दोन. मेंढरं राखणाऱ्या घरात ती मुलगा म्हणून जन्मली होती. विशीत गाव सोडून गेली आणि तिशीला आली तेव्हा साडी नेसून, सुमन होऊन परत आली. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाजाररस्त्याला एक भाड्याचा गाळा, एवढ्यावर तिनं दुकान मांडलं. पुण्यात राहिली असतीस तर सोपं गेलं असतं, असं तिला सगळेच सांगायचे. ती म्हणायची, "माझं गाव हाय. दुसऱ्याच्या गावात कशापाय जाऊ?" तिचं जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. निदान तेवढं तरी मी पाळावं.

उंच होती. साडी सुतीच, पण इस्त्री अशी की निऱ्यांनी बोट कापावं. चष्म्याला काळी दोरी. टेबलाच्या खणात भाजलेल्या शेंगा, त्या ती कामाच्या मध्ये खायची नाही. एक काम संपलं की मोजून पाच. आणि आवाज! लहानपणी ह्या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या मेंढरांना हाका मारून तो कमावलेला होता. दुकानात ती हळू बोलते आहे असं तिला वाटायचं, तेव्हा समोरच्या खताच्या दुकानातला माणूस "काय म्हणताय?" म्हणून बाहेर यायचा. आवाज बारीक कर, नाजूक बोल, असं पुण्यातल्या मैत्रिणींनी तिला खूप शिकवलं होतं म्हणे. ती मला म्हणाली, "मने, साडी नवी घेतली, नाव नवं घेतलं. आवाज माझाच व्हता, त्यो कशाला टाकू?"

गाव तिला सांभाळून घ्यायचं आणि मागे हसायचं, दोन्ही एकाच तोंडानं. समोर "सुमनताई, तेवढं अर्जंट करा" आणि शटरपलीकडे गेलं की खसखस. तिला ठाऊक होतं. तिचा सूड फ्लेक्सवर निघायचा. पंचविशी न गाठलेल्या पोराच्या वाढदिवसाला ती 'भावी आमदार' छापायची नाही म्हणजे नाही. "बेल्ह्यात भावी आमदार इतके झालेत की आताच्या आमदाराला बसायला जागा उरली न्हाई, राव. तू भावी सरपंच घे. त्ये बी कमी करून सांगते, भावी सदस्य घे."

एकदा बाजाराच्या दिवशी एक व्यापारी आला. टेंपोत बैल उभा, त्याला जाहिरातीचे शंभर कागद हवे होते. मजकूर सांगितला: देखणा, कामाला चांगला, स्वभावानं गरीब, चार दाती. सुमनताईनं टाईप करता करता हात थांबवला. चष्मा छातीवर सोडला, उठली, रस्त्यावर गेली, आणि इस्त्रीच्या साडीत त्या बैलाचा जबडा धरून उघडला. व्यापारी बघत राहिला. ती आत आली, हात धुतले आणि म्हणाली, "जुळलेला हाय. आठी दात आल्यात, वय चोरताय तुमी. चार दाती मी छापणार न्हाई." व्यापारी चिडला. तुला काय करायचंय, पैसे देतोय ना, असं बरंच बोलला, आणि शेवटी जे बोलायचं तेही बोलला. ते शब्द तिच्यासाठी नेहमी राखीव असायचे. सुमनताई शांतपणे म्हणाली, "माझ्याविषयी लोक एवढं खोटं बोलत्यात की मला खोट्याचा वास येतो. जावा तुमी." तो गेला. मला वाटलं ती आता रडेल किंवा चिडेल. तिनं खण उघडला आणि शेंगा मोजल्या.

ती रडलेली मी एकदाच पाहिली, आणि तेव्हाही काम चालूच होतं. तिचा भाऊ नामदेव मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. तालुक्यात दुसरीकडे महाग पडत होतं म्हणून आला. पाच वर्षांत पहिल्यांदा. वहीतलं पान पुढे ठेवलं. त्यात आत्या होत्या, चुलत आत्या होत्या, मामेआत्या होत्या. सुमन नव्हती. जुन्या नावानंही नव्हती. तिनं पान दोनदा वाचलं आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, "आईला घिऊन ये." नामदेव म्हणाला, "आईला हितं आणणार न्हाई मी. फोनवर ऐकव." त्यानं फोन लावून टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला. सुमनताईनं पूर्ण पत्रिका वाचली. एकही नाव घाईत वाचलं नाही. संपल्यावर फोन बराच वेळ गप्प होता. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हातारी म्हणाली, "बरोबर."

नामदेव गेल्यावर तिनं सोनेरी शाईचा डबा काढला, त्यानं न सांगता. पत्रिका इतकी सुंदर केली की गावात अजून लोक ती जपून ठेवतात. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, एवढं कशाला?" डोळे पुसत ती म्हणाली, "तिनं इचार केला, मने. लगेच न्हाई म्हणाली बरोबर. इचार केला." या एवढ्याशा गप्पपणावर ती पुढे किती वर्षं जगली, ते मला माहीत आहे. आई आपल्याला एकदा तरी आपल्या नावानं हाक मारील, ही तिची एकच आस होती. मारायची नसेल तर नको, निदान ऐकेल तरी.

आता खेळाचं सांगते. त्या खेळाचं नाव मला सांगता येत नाही. करारात तसं लिहून दिलंय आणि करार मोडण्याची हिंमत माझ्यात कधीच नव्हती, हे पुढे दिसेलच. मी पुण्यात भाषांतराच्या कामाला लागले होते. एका कंपनीकडे व्हिडिओ गेम मराठीत आणायचं काम आलं. खेळ जुना, वीसेक वर्षांपूर्वीचा, आता परदेशी मंडळींनी तो नव्यानं बनवला होता. डोंगर, खिंडी, एक भटका शिपाई. खिंडीत जकातनाक्यावर एक बाई बसलेली असते, तिची परवानगी घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी ही गोष्ट सहज फोनवर सांगितली तर सुमनताई ओरडली, "घाटवाली! मने, मी वळखते तिला!"

गाव सोडल्यावर ती आळेफाट्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये कामाला होती. तिथे दुपारी पोरं हाच खेळ खेळायची. जुन्या खेळात शिपाई त्या बाईच्या डोक्यावरचा पदर ओढतो, खाली पुरुष निघतो आणि सगळे खो खो हसतात. क्लासमधली पोरंही हसायची. "मी बी हसले," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठ्यानं. मला वाटलं, न्हाई हसले तर कळंल ह्यांना. पण मने, त्या पडद्यावर आपल्यासारखं कुणीतरी पयल्यांदाच दिसलं व्हतं. हसायला का व्हईना, दिसलं व्हतं." नव्या खेळात तो विनोद काढून टाकला होता. आता कुणी पदर ओढत नाही. घाटवाली स्वतःच सांगते की मी जन्मले तेव्हा लोक मला मुलगा समजले होते, मी बाई आहे. आणि शिपाई ते ऐकून घेतो आणि वाट मागतो. एवढंच. हे ऐकल्यावर ती फोनवरच म्हणाली, "शनिवारी ये. समदं लिवलेलं घिऊन ये, मी वाचते."

मग दीड-दोन महिने प्रत्येक शनिवारी मी बेल्ह्याला जायचे. भाषांतर मी करायचे आणि ती सगळं मोठ्यानं वाचायची. दुसरी पद्धत तिला माहीत नव्हती. सातबाराची झेरॉक्स काढायला आलेली माणसं बाकावर बसून ऐकायची. एक म्हातारबुवा तर झेरॉक्स हातात घेऊन तासभर थांबले, "त्या शिपायाचं काय झालं ते सांगा, मग जातो," म्हणून. घाटवालीपाशी आल्यावर मी लिहिलेलं तिला पटेना. मी लिहिलं होतं छान, शुद्ध, परीक्षेतल्या उत्तरासारखं. ती म्हणाली, "घाटात बसणारी बाई अशी बोलंल व्हय?" आणि चष्मा काढून, भिंतीकडे बघत तिनं सांगितलं:

"घाट वलांडायचा तर आधी माझं ऐका. लहानपणी लोक मला पोरगा म्हणायचे. मी बी लई वर्सं हो म्हणत राहिले. मग एक दिस खरं बोलले. आता मी खरं ऐकल्याबिगर वाट सोडत न्हाई."

मी ते जसंच्या तसं टाईप केलं. शिपायाच्या तोंडी मूळ मजकुरात एवढंच होतं की ठीक आहे, आता जाऊ का? सुमनताईनं त्याचं केलं, "बरं, ताई. वाट उघडता का?" आणि ते 'बरं, ताई' तिनं स्वतःशीच तीन वेळा म्हणून बघितलं.

कंपनीला तिच्या वाचनाचं रेकॉर्डिंग पाठवलं तर त्यांना आवाज फार आवडला. घाटवालीचा आवाज तिचाच घ्यायचं ठरलं. पुण्याला स्टुडिओत ती नवी साडी नेसून आली, बरोबर डबाभर शेंगा सगळ्यांसाठी. पहिल्याच वाक्याला काचेपलीकडच्या माणसानं कानावरचे हेडफोन फेकले. "मॅडम, थोडं मागे सरका. आणखी. आणखी थोडं." शेवटी ती दाराला टेकून उभी राहिली तेव्हा कुठे आवाज माईकमध्ये मावला. अकरा वेळा तेच वाक्य बोलली. परत येताना एसटीत तिनं माझा हात धरून ठेवला होता. "आईला वाचता येत न्हाई," ती म्हणाली, "पण ऐकू येतं की नीट. माझ्याच आवाजात ऐकंल. आन त्यो परका शिपाई मला ताई म्हणंल, त्ये बी ऐकंल. परक्यानं म्हटलं की घरच्याला जरा सोपं जातं, मने."

खेळ बाहेर यायच्या आधी दोन महिने मला कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. भाषेचं सगळं तेच बघत. गोड माणूस. म्हणाले, "दोन छोटे बदल आहेत. आपल्याकडच्या खेळणाऱ्यांना जुना प्रसंग आठवतो. त्यांना हसू हवंय. परदेशातल्या मंडळींना मराठी कुठे कळतंय?" शिपायाचं वाक्य बदलायचं होतं. घाटवालीचं पहिलं अर्धं ठेवायचं, 'पोरगा म्हणायचे'पर्यंत, आणि पुढचं कापून शिपायाला ओरडू द्यायचं, मग मागे हशा. मी अर्धा तास भांडले असं लोकांना सांगते. सात-आठ मिनिटं भांडले असेन. मग ते म्हणाले की पुढचे तीन खेळ तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे. आणि मग म्हणाले, "'हा तर पुरुष निघाला' फार पुस्तकी वाटतं हो. तुमच्या गावाकडे काय म्हणतात?"

मी सांगितलं. मी म्हटलं, "बाप्या."

विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण तो शब्द मी त्यांच्या तक्त्यात स्वतःच्या हातानं टाईप केला आणि शेजारच्या रकान्यात मंजूर म्हणून खूण केली. खूण करताना वाटलं, ताईला एकदा फोन करावा, वाचून दाखवावं. लगेच वाटलं, वाचून दाखवलं तर ती नाहीच म्हणणार. म्हणून नाही केला. शिवाय मनात एक सोयीस्कर आशा ठेवली, की शेवटच्या क्षणी परदेशातलं कुणीतरी बघेल आणि थांबवेल. आपलं पाप दुसऱ्यानं निस्तरावं, ही आशा माणसाला फार पुरते.

खेळ आला त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी सुमनताईनं आईला बोलावलं. नामदेवनं या वेळी आढेवेढे घेतले नाहीत. परदेशी खेळात घरातलं माणूस बोलतंय, ही गोष्ट त्यानं टपरीवर चार जणांना सांगितली होती. मोटरसायकलवरून तो आईला घेऊन आला. मीही सकाळच्या गाडीनं गेले होते, तिला आधी सांगायचं असं ठरवून. पोचले तर ती दुकान झाडून, उदबत्ती लावून, खुर्चीवर धुतलेली चादर घालून उभी होती. मला म्हणाली, "मने, मी नाक्यापतुर खेळून ठेवलंय. पुढचं बघितलं न्हाई. आईसंगंच पयल्यांदा ऐकायचं." मी म्हटलं, "ताई, एकदा आधी ऐकून घे ना." ती हसली. "तू बघितलंयस की. मग मी कशाला बघू?"

आयुष्यात दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय एक ओळ न छापलेल्या बाईनं न ऐकता पुढे ठेवलेला हा एकच मजकूर. माझ्या भरवशावर. मला तेव्हाही बोलता आलं असतं. दारात मोटरसायकल थांबली आणि मी पाणी आणायला आत गेले.

म्हातारी पहिल्यांदाच त्या दुकानात शिरत होती. तिनं सगळीकडे बघितलं, भिंतीवरच्या पत्रिका बघितल्या, खुर्चीत बसली. सुमनताईनं तिच्या पायाला हात लावला, तर म्हातारीचा हात आपसूक उठला आणि तिच्या डोक्यावर क्षणभर टेकला. मी बघितलं ते. मग पडद्यावर डोंगर आला, नाका आला, घाटवाली आली आणि सुमनताईचा आवाज दुकानभर घुमला. "घाट वलांडायचा तर आधी माझं ऐका." म्हातारी पुढे सरकली. तिच्या तोंडावर ओळख उमटली; डोंगरावरून येणारी ती हाक तिनं कितीदा ऐकली असेल. "लहानपणी लोक मला पोरगा म्हणायचे..."

आणि शिपाई ओरडला, "अरे, हा तर बाप्या निघाला!" मागे हशा. लांबच लांब हशा, वीस-पंचवीस माणसांचा.

आधी नामदेव हसला. मग दारात जमलेली बाजारची माणसं हसली. आणि मग, सगळे हसतायत म्हणजे हसायचंच असतं असं समजून, म्हातारीही हसली. बोळक्या तोंडानं, पदर लावून, अगदी मनापासून. हसता हसता तिनं सुमनताईला जुन्या नावानं हाक मारली आणि म्हणाली, "काय रं, ह्ये ऐकवायला आणलं व्हय मला? सोंगाड्या झालास की!"

सुमनताईनं मॉनिटर बंद केला. "आई, च्या घेशील ना?" असं विचारलं. चहा दिला, बिस्किटं दिली, मोटरसायकलपर्यंत सोडायला गेली. परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मला शिव्या हव्या होत्या. तिनं एवढंच विचारलं, "तुला म्हाईत व्हतं?" मी मान खाली घातली. मग ती शटर ओढायला वळली आणि मी बाहेर आले.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आठ दिवस फोनवर दुसरं काही नव्हतं. परदेशात काढलेला विनोद मराठीत परत घातला म्हणून एक बाजू पेटली, जुना खेळ बिघडवता कशाला म्हणून दुसरी. आळेफाट्याच्या पुढे कधी न आलेल्या लोकांनी ग्रामीण संवेदनेवर लेख लिहिले. कंपनीनं पत्रक काढलं: भाषांतराच्या पातळीवर झालेली चूक. म्हणजे मी. तीन खेळ तर राहिलेच, नावही गेलं. साहेबांनी फोन उचलला नाही. मी भडकले आणि खेळाचं नाव न घेता एक मोठा मजकूर लिहिला: माझं लिखाण कसं बदललं, माझ्यावर दबाव कसा आला, एका थोर बाईचे शब्द कसे कापले. शेकडो लोकांनी तो पुढे पाठवला. मला धाडसी म्हटलं. एका ठिकाणी भाषणाला बोलावलं. त्या मजकुरात सगळं खरं होतं. एका शब्दाचा उगम तेवढा मी लिहिला नाही.

महिन्याभरात कंपनीनं प्रसंग दुरुस्त केला. घाटवाली आता पूर्ण बोलते. आवाज मुंबईच्या कुणा कलावतीचा, गोड, मापात बसणारा. शिपाई म्हणतो, "ठीक आहे, आम्ही जाऊ शकतो का?" मी तो प्रसंग फोनमध्ये घेतला आणि बेल्ह्याला गेले. का गेले, कुणास ठाऊक. माफी मागायला रिकाम्या हातानं जायची लाज वाटली असावी.

ती पत्रिका जुळवत होती. बाकावर दोन माणसं होती, एक आजी पंख्याखाली. मला बघून तिनं चष्मा काढला नाही. मी फोन पुढे केला. "ताई, दुरुस्त केलंय त्यांनी. बघतेस?"

"तुझं लिवलेलं वाचलं मी," ती म्हणाली. तिच्या मानानं ती फारच हळू बोलत होती. खताच्या दुकानातला माणूस बाहेर आला नाही. "लई छान लिवलंस. दोनदा वाचलं. एक राहिलं त्यात. पुण्याच्या सायबाला बाप्या शब्द कुठनं ठाऊक?"

ती थोडा वेळ थांबली. मला वाटतं, तेवढ्या वेळात मी काही बोलले असते, तर कदाचित चाललं असतं. मग तिनं माझा फोन उलटा करून माझ्याकडे सरकवला.

"दुरुस्त केलं म्हणतीस. बरं केलं. पण आई एकदाच आली व्हती, मने. आता ती यायची न्हाई. नामदेव म्हणतो, बोलवूच नगंस. आता कुणाला ऐकवू ह्ये?"

मी उठले. पायरी उतरले तरी ती वाचायला लागली नव्हती. मागून आजीचा आवाज आला, "कोण गं ती पोरगी? वळखीची हाय का?"

"व्हत्या," सुमनताई म्हणाली. "पुण्याच्या मॅडम हायेत."

मग ती पत्रिका वाचू लागली, आणि फाट्याच्या गाडीपर्यंत चालत जाईस्तोवर एकेक नाव मला ऐकू येत होतं.